पाटीमागचा आवाज



गेल्या रविवारची गोष्ट. विहारातली वंदना आटोपली होती आणि आम्ही चार-पाच जण सतरंज्या घडी करून ठेवत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी जवळ येऊन उभी राहिली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील माथाडी. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात गेली तीन वर्षे माईक तिच्याच हातात असतो. आवाज असा खणखणीत की मागच्या रांगेतली पोरेसुद्धा गप्प बसतात.

म्हणाली, "काका, एका चॅनलवर बातम्या सांगणाऱ्यांची चाचणी होती. जाऊन आले."

"मग? काय म्हणाले?"

"आवाज छान आहे म्हणाले. उच्चारही चांगले आहेत म्हणाले. पण पडद्यावर नाही घेणार. चित्रं चालू असताना मागून आवाज द्यायचं काम आहे, ते करशील का, असं विचारलं. काका, घेऊ का हे काम?"

खरे सांगतो, मला पटकन उत्तर देता आले नाही. पोरीच्या हातात पहिल्यांदाच चार पैसे येणार, तर नको कसे म्हणायचे? आणि हो म्हणावे, तर तिच्या डोळ्यांत जे पाणी तरारले होते त्याचे काय करायचे? मी तिला म्हटले, "बाळ, या आठवड्याचा आपला अंक वाच. एका माणसाची हकिकत सांगणार आहे. ती वाच, मग आपण बोलू." म्हणून आजचा हा स्तंभ. तो त्या मुलीसाठी आहे, तसाच तो तिच्या आईबापांसाठी आणि आपल्या सर्वांसाठीही आहे.

ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांना दूरदर्शनचे दिवस आठवत असतील. चाळीत एखाद्याच घरी टीव्ही. संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या लागल्या की त्या खोलीच्या दारात चपलांचा ढीग. मधेच काही बिघाड झाला की पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी यायची आणि सगळे एकदम हळहळायचे. आता अशी कल्पना करा की बिघाड काहीच नाही, बातम्या व्यवस्थित चालू आहेत, वाचणाऱ्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो आहे, पण पडद्यावर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती पाटीच! माणूस दिसतच नाही. का? तर तो माणूस काळा आहे म्हणून.

ही कल्पना नाही. हे अमेरिकेत खरोखर घडले आहे. त्या माणसाचे नाव मॅक्स रॉबिन्सन.

मॅक्स रॉबिन्सन यांचा जन्म १ मे १९३९ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात झाला. अमेरिकेत गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेतली जी राज्ये फुटून निघाली आणि ज्यांनी १८६१ ते १८६५ असे चार वर्षे युद्ध केले, त्यांची राजधानी म्हणजे हेच रिचमंड. गुलामगिरी गेली, पण वेगळेपणा गेला नाही. काळ्यांच्या शाळा वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. बसमध्ये जागा वेगळी, हॉटेलात दार वेगळे, प्यायच्या पाण्याचा नळसुद्धा वेगळा. पाण्याची गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मॅक्स यांचे वडील काळ्यांच्या आर्मस्ट्राँग हायस्कूलमध्ये इतिहास शिकवीत आणि मुलांना खेळाचे धडे देत. आईही शिक्षिका. म्हणजे घरी श्रीमंती नव्हती, पण पुस्तके होती आणि ताठ मान होती.

१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनेत बसत नाहीत. तेव्हा व्हर्जिनियातल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी काय करावे? १९५९ साली प्रिन्स एडवर्ड नावाच्या तालुक्यात त्यांनी सरकारी शाळाच बंद करून टाकल्या. काळ्या पोराशेजारी आमचे पोर बसण्यापेक्षा शाळाच नको! पाच वर्षे त्या शाळांना कुलूप होते. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या, काळ्यांची मुले घरी बसली.

त्याच वर्षी, त्याच राज्यात, पोर्ट्समथ नावाच्या गावी एका छोट्या टीव्ही स्टेशनने बातम्या वाचण्यासाठी माणूस हवा अशी जाहिरात दिली. जागा फक्त गोऱ्यांसाठी होती. मॅक्स तेव्हा विशीचे. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात दीड वर्ष काढून शिक्षण अर्धवट सोडलेले. जाहिरात वाचूनही हा तरुण चाचणीला गेला. चाचणी दिली आणि आवाजाच्या जोरावर नोकरी मिळवली.

पण नोकरी मिळाली ती कशी? तो वाचत असताना कॅमेऱ्यासमोर स्टेशनची खूण असलेली एक पाटी लावलेली असे. प्रेक्षकांना पाटी दिसायची आणि आवाज ऐकू यायचा. कितीतरी गोऱ्या कुटुंबांनी रात्रीची भाकरी खाता खाता त्या आवाजावर विश्वास ठेवून जगाच्या बातम्या ऐकल्या असतील. त्यांना तो आवाज चालत होता. कुणाचा आहे हे ठाऊक नव्हते म्हणून चालत होता.

एके रात्री मॅक्स यांनी पाटी काढायला लावली. गावात त्यांचे नातेवाईक, मित्र होते. आपला मुलगा टीव्हीवर आहे, तर तो त्यांना दिसावा एवढीच साधी इच्छा. त्या रात्री पोर्ट्समथच्या लोकांना प्रथमच बातमीमागचा माणूस दिसला. गोऱ्या प्रेक्षकांचे तक्रारींचे फोन आले आणि दुसऱ्या दिवशी मॅक्स यांची नोकरी गेली.

वाचकहो, इथे जरा थांबून विचार करा. बातम्या त्याच, आवाज तोच, उच्चार तेच. कालपर्यंत जो माणूस लायक होता, तो एका रात्रीत नालायक कसा ठरला? आपल्याकडेही बाईने केलेला स्वयंपाक गोड लागतो, आणि आडनाव कळल्यावर घास घशात अडकतो, असे किती अनुभव आपल्या आयाबहिणींनी सांगितले आहेत. तीच ही जात, फक्त तिकडे ती कातडीवर लिहिलेली होती.

मॅक्स खचले नाहीत. १९६५ साली ते राजधानी वॉशिंग्टनमध्ये एका टीव्ही स्टेशनवर लागले. नुसते वाचायला नव्हे, तर बातमी आणायला आणि कॅमेरा धरायलाही. हे महत्त्वाचे आहे. ते बातमी आतून-बाहेरून शिकले. पुढे दुसऱ्या स्टेशनवर गेले. १९६८ च्या एप्रिलमध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि वॉशिंग्टन पेटले, तेव्हा त्या धुरात फिरून बातम्या देणाऱ्यांत ते होते. याच सुमारास त्यांनी वॉशिंग्टनच्या अनाकोस्टिया या गरीब काळ्या वस्तीच्या जीवनावर 'द अदर वॉशिंग्टन', म्हणजे 'दुसरे वॉशिंग्टन', हा माहितीपट केला. राष्ट्राध्यक्षांच्या पांढऱ्या वाड्यापासून अनाकोस्टिया नदीपलीकडची ही वस्ती काही मैलांवर, पण तिथले जगणे जणू वेगळ्या देशातले. या कामाबद्दल त्यांना एमी हा टीव्हीचा नावाजलेला पुरस्कार प्रादेशिक पातळीवर मिळाला.

आता कुणी म्हणेल, गुणी माणूस होता, वर आला, झाले. पण केवळ गुणांवर दार उघडले असते तर ते पोर्ट्समथलाच उघडले असते. दार का उघडले तेही पाहू. १९६७ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइट, नुअर्क अशा शहरांत मोठ्या दंगली झाल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी चौकशीसाठी ११ जणांचा आयोग नेमला. इलिनॉयचे राज्यपाल ओटो कर्नर त्याचे अध्यक्ष. या कर्नर आयोगाने १९६८ साली जो अहवाल दिला त्यात एक पूर्ण प्रकरण वर्तमानपत्रे आणि टीव्हीवर होते. संपादकीय कामात काळे लोक ५ टक्क्यांहूनही कमी, आणि संपादक किंवा वरच्या हुद्द्यावर १ टक्काही नाहीत, असे त्यात नमूद केले. जे होते त्यांतले बहुतेक काळ्यांच्या स्वतःच्या पत्रांत! देशाची बातमी गोऱ्यांच्या नजरेने पाहिली आणि सांगितली जाते, हे सरकारी आयोगाने लिहून दिले. रस्त्यावर लोक उतरले, आयोग बसला, आकडे बाहेर आले, तेव्हा कुठे स्टेशनवाल्यांना काळा माणूस शोधावासा वाटला.

१९६९ मध्ये मॅक्स वॉशिंग्टनच्या एका मुख्य बातमीपत्राचे निवेदक झाले. शेजारी गोरे सहकारी गॉर्डन पीटरसन. काळा आणि गोरा माणूस एका मेजावर बसून राजधानीला बातम्या सांगू लागले. पुढची नऊ वर्षे मॅक्स यांचा चेहरा त्या शहराच्या घराघरांत पोचला.

आणि याच काळात त्यांनी एक काम केले, जे मला त्यांच्या नोकऱ्यांपेक्षा मोठे वाटते. १२ डिसेंबर १९७५ रोजी वॉशिंग्टनमध्ये ४४ काळे पत्रकार एकत्र आले आणि त्यांनी काळ्या पत्रकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. त्या संस्थापकांत मॅक्स रॉबिन्सन होते. स्वतः शिडी चढून गेल्यावर शिडी ओढून घेणारे पुष्कळ असतात. आपल्यातही आहेत, नावे घेत नाही. मॅक्स यांनी शिडीला आणखी पायऱ्या ठोकल्या. ती संघटना आजही उभी आहे.

१९७८ साली मोठी घटना घडली. तेव्हा अमेरिकेत आजच्यासारखी शेकडो चॅनल्स नव्हती. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीन कंपन्यांच्या रात्रीच्या बातम्या सारा देश पाहायचा. एबीसी त्यांत मागे पडलेली. तिचे वृत्तप्रमुख रून आर्लेज यांनी नवा प्रयोग केला. एकाऐवजी तीन निवेदक, तीन शहरांतून. वॉशिंग्टनमधून फ्रँक रेनॉल्ड्स, लंडनमधून परदेशच्या बातम्या घेऊन पीटर जेनिंग्ज आणि शिकागोतून देशातल्या बातम्या घेऊन मॅक्स रॉबिन्सन. १० जुलै १९७८ रोजी 'वर्ल्ड न्यूज टुनाइट' सुरू झाले. अमेरिकेच्या इतिहासात राष्ट्रीय पातळीवर रोज रात्रीच्या बातम्या देणारा पहिला काळा माणूस पडद्यावर आला. १९ वर्षांपूर्वी ज्याच्यासमोर पाटी लावली होती, तो आता साऱ्या देशासमोर उघड्या चेहऱ्याने बसला होता.

इथे गोष्ट संपवता आली असती. आपल्या सत्कार समारंभांत आपण अशाच गोष्टी सांगतो आणि हार घालून मोकळे होतो. पण मी वाणिज्य शाखेचा कारकून माणूस. जमेची बाजू लिहिली की नावेची बाजूही लिहावी लागते, नाहीतर ताळेबंद जुळत नाही.

पहिला असणे म्हणजे काय, हे लोकांना बाहेरून कळत नाही. काळ्या लोकांना वाटे, हा आपला माणूस, याने आपले सगळे बोलावे. कंपनीला वाटे, आपण याला बसवले, आता याने गप्प बसावे. मॅक्स गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. कोणती बातमी घ्यायची, काळ्या माणसाला बातमीत कसे दाखवायचे यावरून ते वरिष्ठांशी भांडत. १९८१ च्या फेब्रुवारीत स्मिथ कॉलेजात त्यांचे भाषण झाले. त्यात ते उघड बोलले की अमेरिकेतल्या बातम्या हा वाकडा आरसा आहे आणि गोरी अमेरिका त्यात स्वतःलाच पाहते. जानेवारीत राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा शपथविधी झाला आणि इराणमधल्या अमेरिकन ओलिसांची सुटका झाली, त्या मोठ्या प्रसंगांच्या वार्तांकनातून आपल्याला बाजूला ठेवले, असेही ते म्हणाले. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. मॅक्स यांना वरिष्ठांपुढे जाऊन खुलासा करावा लागला. नोकरी राहिली, पण त्यानंतर कंपनीशी असलेले संबंध पूर्वीसारखे राहिले नाहीत.

आणि दुसरीकडे दारू होती. हे लपवण्यात अर्थ नाही. मॅक्स यांना नैराश्याचा त्रास होता आणि दारूचे व्यसन होते. संसार टिकले नाहीत. कामावर वेळेवर न पोचणे, कधी न येणे, अशा तक्रारी वाढल्या. २० जुलै १९८३ रोजी त्यांचे सहकारी फ्रँक रेनॉल्ड्स वारले. अंत्यविधीला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांच्या शेजारी मॅक्स यांची जागा ठेवली होती. ते आलेच नाहीत. त्याच वर्षी एबीसीने तीन निवेदकांची पद्धत बंद करून सगळ्या बातम्या एकट्या पीटर जेनिंग्ज यांच्याकडे दिल्या. मॅक्स यांच्या वाट्याला शनिवार-रविवार आणि मधल्या छोट्या बातम्या आल्या. १९८४ मध्ये ते एबीसी सोडून शिकागोच्या एका स्टेशनवर गेले. तिथेही फार काळ जमले नाही. पुढे दवाखाना आणि आजारपण हेच जास्त.

कुणी म्हणेल, दारूने घात केला. कुणी म्हणेल, गोऱ्यांनी घात केला. मी म्हणतो, अन्याय खरा होता आणि दारूही खरी होती. एकीकडे बोट दाखवून दुसऱ्याला सूट देऊ नये. अन्यायाने माणूस आतून जळतो, हे आपण जाणतो. पण त्या जळण्यावर दारू ओतली तर आग विझत नाही. आपल्या वस्तीत किती हुशार माणसे अशी गेली, ते प्रत्येकाने आपापल्या गल्लीत मोजावे. आणि त्या काळात त्यांना हाताला धरून बसवणारा, 'भाऊ, आज घरी चल' म्हणणारा कोण होता, तेही मोजावे. सत्काराला शंभर माणसे असतात, पडत्या काळात दोनही नसतात.

शेवटचा भाग सांगतो. मॅक्स यांना एड्स झाला होता. तो काळ आठवा. एड्स म्हटले की लोक शेजारी बसायचे नाहीत, भांडी वेगळी ठेवायचे, प्रेताला हात लावायचे नाहीत. औषधही आजच्यासारखे नव्हते. मॅक्स यांनी जिवंतपणी हे जगापासून लपवले, फक्त जवळच्या काहींना ठाऊक होते. १९८८ च्या शरद ऋतूत हॉवर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांपुढे बोलायला ते वॉशिंग्टनला आले, तिथे तब्येत ढासळली आणि त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात २० डिसेंबर १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९. हॉवर्ड हे काळ्या लोकांच्या शिक्षणासाठी उभे राहिलेले विद्यापीठ.

पण जाताना ते घरच्यांना सांगून गेले होते की माझा मृत्यू एड्सने झाला हे लोकांना सांगा. काळ्या समाजात या रोगाबद्दल बोलले जात नाही, लोक अंधारात मरत आहेत, त्यांना माहिती आणि उपचार मिळावेत म्हणून माझे नाव उपयोगी पडू द्या. घरच्यांनी ते जाहीर केले. पोर्ट्समथला पाटी काढली तेव्हा नोकरी गेली होती. ही शेवटची पाटी काढली तेव्हा जायला काही उरले नव्हते, पण इतरांसाठी पुष्कळ मागे राहिले. नव्वदच्या दशकात वॉशिंग्टनच्या त्याच अनाकोस्टिया वस्तीत, जिथे त्यांनी माहितीपट केला होता, एचआयव्ही आणि एड्सच्या रुग्णांसाठी दवाखाना निघाला. त्याला नाव दिले मॅक्स रॉबिन्सन केंद्र. ज्या वस्तीची बातमी त्यांनी कधीकाळी देशाला सांगितली, त्या वस्तीच्या आयाबायांना त्यांच्या नावाच्या दारात औषध मिळू लागले.

मॅक्स यांचे धाकटे भाऊ रँडल रॉबिन्सन. यांनी १९७७ साली 'ट्रान्सआफ्रिका' ही संस्था काढली. २१ नोव्हेंबर १९८४ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या वॉशिंग्टनमधल्या वकिलातीत सहकाऱ्यांसह ठिय्या देऊन अटक करून घेतली. त्यातून जी चळवळ उठली, तिच्या रेट्याने १९८६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादले. १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले. २०२३ साली रँडल वारले. एकाच शिक्षकाच्या घरातली ही दोन मुले. एक पडद्यावर, एक रस्त्यावर.

मॅक्स यांच्या मागून पुढे काय झाले? १९८० साली सीएनएन ही चोवीस तास बातम्यांची वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिच्या मुख्य निवेदकांत बर्नार्ड शॉ हे काळे पत्रकार होते. आणि २०१५ साली लेस्टर होल्ट हे एनबीसीच्या रोजच्या रात्रीच्या बातम्यांचे एकटे, कायमचे निवेदक झाले. तीन मोठ्या कंपन्यांत हा मान मिळवणारे ते पहिले काळे. १९७८ ते २०१५, म्हणजे ३७ वर्षे! एक दार उघडल्यावर पुढचे दार उघडायला एवढा काळ. 'आता सगळे बदलले' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

आणि आपल्याकडे? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. ज्याला आवाज नाही त्याचा नायक व्हायला स्वतःचेच पत्र काढावे लागले. पुढे १९९६ साली वॉशिंग्टन पोस्टचे दिल्लीतले बातमीदार केनेथ कूपर, जे स्वतः काळे अमेरिकन, त्यांनी पत्रकार बी. एन. उनियाल यांना विचारले की मला एखादा दलित पत्रकार भेटवाल का? उनियाल यांनी शोध घेतला. सरकारमान्य ६८६ पत्रकारांच्या यादीत त्यांना एकही सापडला नाही. हे त्यांनी १६ नोव्हेंबर १९९६ च्या 'पायोनियर'मध्ये लिहून जाहीर केले. वॉशिंग्टनहून आलेल्या एका काळ्या माणसाने विचारले, म्हणून आपल्याकडच्या पाटीमागे कुणीच बसलेले नाही हे कळले!

त्यानंतर २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी पाहणी केली. हिंदी चॅनल्सवरचे ४० आणि इंग्रजी चॅनल्सवरचे ४७ असे चर्चा चालवणारे निवेदक तपासले. त्यांत दलित एकही नाही, आदिवासी एकही नाही. आमच्या हत्येची, आमच्या आरक्षणाची, आमच्या मोर्चाची चर्चा रोज रात्री होते, पण ती चालवणारा आमचा एकही नाही. तरी अंधारात दिवे लागत आहेत. ३१ जानेवारी २०२१ रोजी मीना कोतवाल यांनी 'द मूकनायक' हे नवे वृत्तमाध्यम सुरू केले. एकशे एक वर्षांनी तेच नाव, आणि या वेळी ते एका मुलीने हाती घेतले.

तर पोरी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर.

मला विचारशील तर ते काम घे. मॅक्स यांनीही पाटीमागची नोकरी आधी घेतली होती. घरात पैसा येईल, माईकची सवय होईल, आतले जग कळेल. लाज बाळगू नकोस. मागून आवाज देणे हेही कौशल्याचे काम आहे, ते मन लावून कर. पण त्याला मुक्काम समजू नकोस. नुसती वाचणारी होऊ नकोस, बातमी आणणारी हो. कॅमेरा कसा धरतात, बातमी कशी कापतात, कशी जोडतात, ते शिकून घे. आवाज दुसरा सापडतो, पण बातमी आणणारा माणूस सहजासहजी सापडत नाही. मोबदला किती आणि कधी मिळणार ते कागदावर घे. आणि तुझ्यासारख्या आणखी मुलीमुले कुठे कुठे पाटीमागे बसली आहेत ते शोध. दोन सापडल्या तरी चहाला भेटा. ४४ जणांनी सुरुवात केली होती, तुम्ही चौघांनी करा.

पाटी कधी काढायची, ते तुझे तू ठरवशील. ते आम्ही सांगायचे नाही. नोकरी तुझी जाणार आहे, आमची नाही.

आणि आता तिच्या आईबापांना, आणि आपल्या सगळ्यांना. पोरगी टीव्हीवर आली की विहारात पेढे वाटायला आपण सगळे येऊ, यात शंका नाही. पण त्याआधी रात्री उशिरा काम आटोपून ती स्टेशनवर उतरेल, तेव्हा तिला घ्यायला कोण जाणार? पगार दोन महिने थकला तर तिच्या घरी कोण विचारपूस करणार? ती तिथे भांडून, नोकरी गमावून आली, तर 'कशाला गेलीस भांडायला' असे म्हणणारे किती आणि 'बरे केलेस, जेवलीस का' असे म्हणणारे किती? पहिल्या माणसाला समाजाने खांद्यावर घेतले, पण खांद्यावरून उतरल्यावर त्याच्यासोबत चालायला कुणी नाही, असे व्हायला नको. मॅक्स रॉबिन्सन यांच्या हकिकतीतून मी तरी एवढेच शिकलो.

येत्या रविवारी वंदनेनंतर सतरंज्या घडी करायच्या आधी यावर अर्धा तास बसू. मुलीच्या आईलाही सांगा, कामावरून जरा लवकर ये म्हणावे. रात्री तिला स्टेशनवरून घेऊन येणाऱ्यांची नावे मी वहीत लिहून घेणार आहे. पहिले नाव माझे लिहिले आहे.

जयभीम!